दोन डबे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवाच्या सोहळ्यात गतकाळाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रापासून दूर, परभाषिक नगरात साठ वर्षे मराठी शाळा चालवणाऱ्या पिढ्यांचे ऋण या मेळाव्यात अनेक वक्त्यांनी कृतज्ञतेने मांडले आहे. या भाषणाचा विषय मात्र येत्या काळाचा आहे, आणि तोही मैदानावरचा. शाळकरी वयाच्या खेळाडूंनी स्नायू वाढवणारी पूरक द्रव्ये घ्यावीत, की नैसर्गिक आहार आणि सराव यांवरच भिस्त ठेवावी, हा तो विषय. मंगल प्रसंगी तो काहीसा रुक्ष वाटेल. परंतु ज्या घटनेतून तो पुढे आला ती ऐकल्यावर त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

शाळेच्या कबड्डी संघातील नववीचा एक मुलगा काही दिवस मधल्या सुटीत डबा खाताना दिसेना. वर्गशिक्षिकांनी चौकशी केली, तेव्हा त्याच्या दप्तरात आईने दिलेला पोळी-भाजीचा डबा तसाच बंद आढळला आणि त्याच्या शेजारी चॉकलेटी रंगाच्या पेयाची एक बाटली. घराजवळच्या व्यायामशाळेतील एका ‘दादा’ने त्याला सांगितले होते, की पोळी-भाजीने पोट भरते, शरीर बनत नाही, शरीर बनवायचे तर हा डबा घे. तो प्लास्टिकचा मोठा काळा डबा अडीच हजार रुपयांचा होता आणि महिना-सव्वा महिन्यात संपत होता. मुलाचे वडील एका खाजगी आस्थापनेत नोकरी करणारे, बेताच्या उत्पन्नाचे गृहस्थ. ते शाळेत आले आणि त्यांनी सरळ विचारले, “बाई, तुम्हीच सांगा. दिला तर काही अपाय होईल का? आणि नाही दिला तर माझा मुलगा इतरांच्या मागे पडेल का?”

या प्रश्नाची दोन्ही अंगे खरी आहेत. एका अंगात आरोग्याची काळजी आहे, दुसऱ्या अंगात संधी निसटण्याची भीती. आज अनेक घरांत हाच प्रश्न मूकपणे वावरत आहे. म्हणून त्याला उपदेशाने नव्हे, तर माहितीने उत्तर देणे शाळेचे कर्तव्य ठरते.

प्रथम स्नायू कसा वाढतो ते पाहू. जोर, बैठका, वजन उचलणे, धावणे अशा व्यायामाने स्नायूंच्या तंतूंवर ताण येतो. शरीर तो ताण ओळखते आणि पुढच्या वेळी तो पेलता यावा म्हणून तंतूंची दुरुस्ती करते, त्यांना अधिक जाड आणि बळकट करते. ही दुरुस्ती प्रामुख्याने विश्रांतीच्या काळात होते. तिच्यासाठी लागणारा माल म्हणजे प्रथिने, आणि ती चालवण्यासाठी लागणारे इंधन म्हणजे पिष्टमय पदार्थ व स्निग्धांश. वाढीला चालना देणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणात गाढ झोपेत स्रवते. याचा अर्थ असा, की व्यायाम, आहार आणि झोप या तिघांपैकी एक जरी उणे पडले, तरी उरलेले दोघे ते काम पूर्ण करू शकत नाहीत.

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी लागते. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती बहुतांशी मज्जासंस्थेच्या शिकण्याने वाढते; स्नायूंचा आकार तोवर फारसा बदललेला नसतो. आरशात बदल दिसत नाही म्हणून मुले अधीर होतात, आणि नेमक्या याच सुमारास कोणी तरी त्यांच्या हातात डबा देते. पुढे तीन महिन्यांनी जो बदल दिसतो, तो सरावाने आणि वयात येण्याच्या नैसर्गिक वाढीने झालेला असतो. श्रेय मात्र डबा घेऊन जातो.

आता त्या डब्यात काय असते ते पाहू. बाजारातील या वस्तूंचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात आणि त्यांची गल्लत करणे हेच बहुतेक अनर्थाचे मूळ आहे.

पहिला प्रकार अन्नाचा. दुधापासून चीज तयार करताना जे पाणी वेगळे होते, त्यातील प्रथिने सुकवून व्हे नावाची भुकटी करतात. घरी पनीर केल्यावर जे हिरवट पाणी उरते, त्याचीच ही जातकुळी. तिच्यात जादू नाही आणि विषही नाही. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडांना प्रथिनांनी इजा होते, असे सिद्ध झालेले नाही. ज्यांना आधीच मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांना मात्र धोका असतो. एका मापातून सुमारे २४ ग्रॅम प्रथिने मिळतात. शरीराची गरज भागल्यावर उरलेली प्रथिने स्नायूत साठून राहत नाहीत. ती इंधन म्हणून जळतात किंवा चरबीत रूपांतरित होतात. म्हणजे गरजेपेक्षा अधिक घेतलेले माप हे अडीच हजारांच्या डब्यातून केलेले महागडे जेवण ठरते.

दुसरा प्रकार क्रिएटिनसारख्या अनुमत द्रव्यांचा. क्रिएटिन हे मांस आणि मासळीत नैसर्गिकरीत्या आढळते, आपले शरीरही ते तयार करते. अल्पकाळ जोरकस ताकद लावाव्या लागणाऱ्या खेळांत प्रौढ खेळाडूंना त्याचा उपयोग होतो, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे आणि ते निषिद्ध यादीत नाही. हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे आहे. परंतु हे अभ्यास मुख्यत्वे प्रौढांवर झालेले आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने अठरा वर्षांखालील मुलांना कामगिरी वाढवणारी द्रव्ये देऊ नयेत, अशीच भूमिका घेतली आहे. वाढत्या वयाच्या शरीराला निसर्ग स्वतःच जी संप्रेरके पुरवत असतो, त्यांच्यापुढे या द्रव्याचा लाभ फार तोकडा असतो.

तिसरा प्रकार संप्रेरकांचा, म्हणजे ज्यांना स्टेरॉइड म्हणतात त्या स्नायुवर्धक औषधांचा. ही कामगिरी वाढवतात, यात शंका नाही. आणि म्हणूनच ती मोहात पाडतात. १९८८ मध्ये सेऊल ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या बेन जॉन्सनने १०० मीटर अंतर ९.७९ सेकंदांत पार केले, तेव्हा जग थक्क झाले होते. स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड आढळल्याने त्याचे सुवर्णपदक परत घेण्यात आले. पूर्व जर्मनीत तर सरकारी योजनेनुसार अल्पवयीन मुलींनाही अशा गोळ्या दिल्या गेल्या आणि त्यांतील अनेकींना त्याचे परिणाम आयुष्यभर भोगावे लागले. यकृताचे विकार, हृदयावर ताण, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, मुलांमध्ये वृषणांचे आकुंचन, मुलींमध्ये पुरुषी आवाज, स्वभावातील चिडचिड हे या औषधांचे ज्ञात परिणाम होत. वयात येणाऱ्या मुलांना याहून एक मोठा धोका असतो. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा या औषधांनी वेळेआधी बंद होऊ शकतात. जो मुलगा दंड फुगवण्यासाठी गोळी घेतो, त्याची उंची तिथेच थांबण्याची शक्यता असते.

यावर कोणी म्हणेल, “आमचा मुलगा फक्त पहिल्या प्रकारचा डबा घेतो, तिसऱ्याशी आमचा संबंध नाही.” अडचण इथेच आहे. डब्यावरील चिठ्ठी आणि डब्यातील भुकटी यांच्यात नेहमीच मेळ असतो असे नाही. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने १३ देशांतून गोळा केलेल्या ६३४ पूरक द्रव्यांची तपासणी केली होती आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९४ नमुन्यांत, म्हणजे जवळजवळ १५ टक्के नमुन्यांत, चिठ्ठीवर न छापलेली संप्रेरकजन्य द्रव्ये आढळली. आपल्या देशातील परिस्थितीविषयी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६ प्रथिन-भुकट्या तपासल्या गेल्या. त्यांपैकी २५ डब्यांवर प्रथिनांच्या प्रमाणाविषयी चुकीची माहिती छापलेली होती. काही नमुन्यांत बुरशीजन्य विषाचे आणि कीटकनाशकांचे अंशही सापडले. पूरक द्रव्ये कायद्याने अन्नात मोडतात. औषधांप्रमाणे त्यांची परिणामकारकता बाजारात येण्यापूर्वी सिद्ध करावी लागत नाही. त्यामुळे पालक ज्या विश्वासाने औषधाची बाटली घेतात, त्याच विश्वासाने हा डबा घेणे योग्य नव्हे.

चिठ्ठी आणि भुकटी यांतील या अंतराची किंमत शेवटी कोण मोजतो, हे २०११ च्या घटनेने साऱ्या देशाला दाखवले. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांनी ४ x ४०० मीटर रिले शर्यतीत सुवर्णपदक मिळवले, आणि पाठोपाठ ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेतही याच शर्यतीत भारताने सुवर्ण जिंकले. देशाच्या कानाकोपऱ्यांतील साध्या घरांतून आलेल्या त्या मुलींचा सर्वांना अभिमान वाटला होता. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय शिबिरातील अनेक धावपटू स्टेरॉइडच्या चाचणीत दोषी आढळल्या. राष्ट्रकुलच्या विजयी चमूतील चौघींपैकी तिघींचा त्यांत समावेश होता. आपल्याला परदेशी प्रशिक्षकाने जिन्सेंगच्या गोळ्या पूरक म्हणून दिल्या आणि त्यांतून हे द्रव्य शरीरात गेले, असे या खेळाडूंचे म्हणणे होते. प्रशिक्षकाला काढून टाकण्यात आले. भारतातील समितीने एक वर्षाची बंदी घातली. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवाद न्यायालयाने ती दोन वर्षांची केली. लंडनचे ऑलिंपिक त्या मुलींच्या हातून गेले.

या प्रकरणात कोणाचा दोष किती, हे ठरवण्याचे हे व्यासपीठ नाही. त्यातून शिकायचा नियम मात्र स्पष्ट आहे. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल, त्याची जबाबदारी खेळाडूचीच. ते कसे आले, कोणी दिले, ठाऊक होते की नव्हते, याचा विचार शिक्षेचे प्रमाण ठरवताना होतो. दोष त्यामुळे पुसला जात नाही. देणारा हात दुसऱ्याचा असतो, नाव मात्र मुलाचे जाते.

२०१९ मध्ये मुंबईच्या एका १९ वर्षांच्या क्रिकेटपटूवर आठ महिन्यांची बंदी आली. कसोटी पदार्पणात शतक ठोकलेला हा तरुण खोकल्याच्या औषधातील टर्ब्युटालिन या द्रव्यामुळे चाचणीत सापडला होता. ते औषध आपल्यापैकी अनेकांच्या घरातील कपाटात असते. ताकद वाढवण्याचा त्याचा हेतू नव्हता, हे नियामक मंडळानेही मान्य केले. तरी बंदी टळली नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाबतीत इतका कडक नियम असेल, तर अनोळखी ‘दादा’ने दिलेल्या डब्याच्या बाबतीत किती सावध राहावे लागेल, याचा पालकांनी विचार करावा.

हे सारे मोठ्या खेळाडूंचे जग आहे, शाळेच्या मैदानाशी त्याचा काय संबंध, अशी शंका येऊ शकते. २०१८ मध्ये दिल्लीत पहिल्या खेलो इंडिया शालेय क्रीडा स्पर्धा झाल्या. सतरा वर्षांखालील मुलामुलींच्या त्या स्पर्धांतही काही खेळाडू उत्तेजक चाचणीत दोषी आढळले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ दोषी निघाले. पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. २०२२ मध्ये संसदेने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा केला, चाचण्या वाढल्या, हे स्वागतार्ह आहे. पण कायदा मूल मोठे झाल्यावर त्याला गाठतो. त्याच्या आधीची दहा वर्षे ते घर आणि शाळा यांच्याच हाती असते.

येथवर ऐकून कोणाचा असा समज होईल, की मग नैसर्गिक म्हणजे जे घरात आहे ते खाणे आणि मैदानावर घाम गाळणे, एवढे पुरेसे आहे. हाही समज तितकाच घातक आहे. निसर्गाच्या नावाखाली उपासमारीचे समर्थन होऊ नये.

८ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत धावली. तिची वेळ ५५.४२ सेकंद, कांस्यपदक विजेतीची ५५.४१. एका सेकंदाचा शंभरावा भाग. पुढे अनेक वर्षांनी तिने सांगितले, की क्रीडाग्रामात तिला रुचेल असे पौष्टिक अन्न मिळाले नाही, तांदळाची पेज आणि लोणचे यांवर तिला दिवस काढावे लागले आणि अखेरच्या टप्प्यात त्याचा परिणाम जाणवला. तिला कमी पडले ते पोटभर, सकस, ओळखीचे जेवण.

तशीच कथा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवरील कुस्तीची सवय नसताना त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांच्यापाशी पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले. त्या घराच्या बळावर गेलेल्या मल्लाने स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. एका दमछाक करणाऱ्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना पुढच्या कुस्तीला उभे केले गेले, आणि नियमावर बोट ठेवून त्यांची बाजू मांडायला तेथे भारताचा कोणी अधिकारी हजर नव्हता, असेही सांगितले जाते. खाशाबांना मॅट हवी होती, प्रवासखर्च हवा होता, पाठीशी उभा राहणारा माणूस हवा होता.

‘पूरक’ या शब्दाचा अर्थ उणीव भरून काढणारे. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणते पूरक घ्यावे’ हा नसून ‘उणीव नेमकी कशाची आहे’ हा असला पाहिजे. आपल्या मुलांच्या बाबतीत ही उणीव बहुधा ताटातील असते, झोपेतील असते, किंवा मार्गदर्शनातील असते. भुकटीच्या डब्याने यांपैकी एकही उणीव पुरती भरून निघत नाही. ती दृष्टीआड मात्र होते.

आपल्या परंपरेला हे पूर्वीपासून ठाऊक होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, त्या आश्रयाचे एक महत्त्वाचे अंग म्हणजे खुराकाची सोय. दूध, तूप, बदाम, थंडाई यांची व्यवस्था झाल्यावाचून पहाटेच्या जोर-बैठकांना अर्थ नाही, हे तालमीतील वस्तादांना उमगले होते. महाराष्ट्राबाहेर मराठी माणूस जेथे गेला, तेथे त्याने आखाडाही नेला. बडोद्यात प्रा. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणले. मल्लखांबाला मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली. मल्लखांबावर चढणारा मुलगा स्वतःच्या शरीराचेच वजन पेलायला शिकतो. त्याचे बळ आणि त्याचे वजन यांचा मेळ आपोआप राहतो. या परंपरेचे आंधळे अनुकरण करण्याचेही कारण नाही. दिवसभर घाम गाळणाऱ्या मल्लाचे तूप दिवसभर बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्याला पचणार नाही. घेण्यासारखी आहे ती तिची शिस्त : आधी खुराक, मग मेहनत, मग आराम, आणि या तिन्हींवर वस्तादाची नजर.

आता त्या पालकांनी विचारलेला हिशेब करू. पन्नास किलो वजनाच्या, नियमित सराव करणाऱ्या मुलाला दिवसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने पुरतात. दोन पेले दूध म्हणजे सुमारे १३ ग्रॅम. दोन अंडी १२ ग्रॅम. अंडी न खाणाऱ्या घरात तेवढ्याच सोयीचे ५० ग्रॅम पनीर किंवा २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या. दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ १४ ग्रॅम. चार पोळ्या १२ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅम, मूठभर फुटाणे किंवा आपल्या शेजाऱ्यांच्या घरात आवडीने केले जाणारे सत्तू ६ ग्रॅम. एक वाटी दही आणि भात मिळून ७ ग्रॅम. बेरीज सत्तरच्या घरात जाते. यात परदेशी काही नाही आणि महाग म्हणावे असेही फारसे नाही. अडीच हजार रुपयांत महिनाभराचे दूध, अंडी आणि शेंगदाणे यांचा मोठा वाटा सहज निघतो, आणि त्यांच्याबरोबर चुना, लोह आणि जीवनसत्त्वेही येतात, जी केवळ प्रथिनांच्या भुकटीतून तशी मिळत नाहीत.

हिशेबाची दुसरी बाजू झोपेची. या वयातील खेळाडूला आठ ते दहा तास झोप हवी. पहाटे साडेपाचला सराव असणारा मुलगा रात्री बारापर्यंत मोबाइल पाहत असेल, तर त्याच्या स्नायूंची दुरुस्ती अर्धवट राहते. त्यावर कोणत्याही भुकटीचा इलाज नाही.

“मग सगळे घेतात, आमचाच मुलगा का नको?” हा प्रश्न तरीही उरतो, आणि तो टाळता येणार नाही. उच्च पातळीवर खेळणारा प्रौढ खेळाडू, दिवसातून दोनदा सराव करणारा, प्रवासात घरचे जेवण न मिळणारा, क्रीडाहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तपासून घेतलेले एखादे पूरक वापरतो, तेव्हा त्यात गैर काही नाही. त्याने आपले ताट आधी पूर्ण केलेले असते, त्याची उणीव मोजलेली असते, आणि परिणामांची जबाबदारी समजून उमजून स्वीकारलेली असते. नववीतल्या मुलाच्या बाबतीत या तिन्हींपैकी एकही गोष्ट झालेली नसते. म्हणून शाळेची भूमिका अशी, की शालेय वयात ताट, झोप आणि सराव यांपलीकडे काही नको. वैद्यकीय कारणाने एखाद्या मुलाला अधिक पोषण लागले, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. व्यायामशाळेच्या सल्ल्याने नव्हे. आणि खेळाडू मुलाला कोणतेही औषध देताना तो स्पर्धेत उतरतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. निषिद्ध द्रव्यांची यादी दर वर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते. गतवर्षी चाललेले औषध यंदा चालेलच असे नाही.

या भूमिकेची किंमत आहे, हे लपवण्याचे कारण नाही. नैसर्गिक वाटेने जाणारा मुलगा एखाद्या वर्षी मागे पडेल. आडमार्गाने गेलेला प्रतिस्पर्धी त्याला हरवेल, निवड चाचणीत त्याचे नाव येणार नाही. त्या वर्षी घरात त्याच्याशी कसे बोलले जाते, यावर पुढचे बरेच काही ठरते. पदकाची अपेक्षा घराघरांतून इतकी वाढली आहे, की हरणाऱ्या मुलाला आपण कमी पडलो असे वाटते आणि तो भरपाईचा डबा शोधू लागतो. अनेकदा हा डबा ‘दादा’च्या आधी घरातल्या एखाद्या वाक्याने मुलाच्या हाती दिलेला असतो.

येथे माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपल्यापैकी काही डॉक्टर आहेत, काही आहारतज्ज्ञ, काही सैन्यदलातून निवृत्त झालेले, तर काही स्वतः व्यायामशाळा चालवतात. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेला अनेक देणग्या मिळत आहेत, त्यांबद्दल शाळा ऋणी आहे. पण वर्षातून एक सकाळ क्रीडा संघातील मुलांसाठी द्यावी. त्यांची उंची, वजन, रक्तातील लोह तपासावे. त्यांच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत. बेताच्या परिस्थितीतील खेळाडूंसाठी सरावानंतर दूध, केळी आणि उकडलेली अंडी किंवा फुटाणे यांची कायमची सोय व्हावी, असाही शाळेचा संकल्प आहे. खाशाबांच्या पाठीशी एका शिक्षकाचे घर उभे राहिले. येथे कोणाला घर गहाण ठेवायचे नाही. साठ मुलांच्या खुराकाची व्यवस्था करायची आहे.

शेवटी त्या मुलाविषयी. शाळेचे क्रीडाशिक्षक आणि त्याचे वडील यांनी मिळून त्याला वरचा सगळा हिशेब कागदावर करून दाखवला. त्याला तो पटला, असे म्हणणे घाईचे होईल. पहिले काही दिवस तो रुसलाच होता. यंदा जिल्हा संघाच्या निवडीत त्याचे नाव आले नाही. तरीही तो रोज सकाळी मैदानावर येतो आणि मधल्या सुटीत मित्रांच्या घोळक्यात बसून आईने दिलेला डबा खातो. दुसरा डबा अजून घरात आहे. त्याच्या आईने तो स्वच्छ धुऊन, वाळवून त्यात शेंगदाणे भरून ठेवले आहेत.